व्यावसायिक पारदविषबाधा व मूत्रपरीक्षा

व्यावसायिक पारदविषबाधा व मूत्रपरीक्षा : पारा किंवा त्याची अकार्बनी संयुगे हाताळणाऱ्या कामगारांच्या शरीरात किती पारा शिरला आहे, हे अजमावण्यासाठी त्यांच्या मूत्रातील पाऱ्याचे प्रमाण ठराविक कालांतराने मोजले जाते. पाऱ्याच्या खाणी, क्लोरीन व दाहक सोडा यांचे कारखाने, तापमापक, वायुभारमापक व प्रदीप्त दिवे यांची निर्मिती, विद्युत् उपकरणांची दुरुस्ती, दंतवैद्यक आणि पारा वापरून सोने वेगळे करण्याचा व्यवसाय यांत ही परीक्षा महत्त्वाची ठरली आहे. एके काळी आरसे व नमद्याच्या टोप्या बनविणारे कारागीर या विषबाधेचे मुख्य बळी होते.

पारा सर्वसामान्य तापमानास द्रवरूप असतो व त्याची सतत वाफ होत असते. या वाफेला रंग अथवा वास नसतो. त्यामुळे ती श्वासावाटे शरीरात शिरत असल्याचे कामगाराला समजत नाही. २०° से. तापमानास पाऱ्याच्या वाफेने संपृक्त झालेल्या हवेच्या एका घन मीटरमध्ये सुमारे १३ मिग्रॅ. पारा असतो. आज सुरक्षित मानल्या जाणाऱ्या प्रमाणाच्या तो पाचशे पटींहून अधिक आहे. फरशीच्या भेगांत साचलेले थेंबही बंद खोलीतील हवा धोकादायक करू शकतात. इंद्रियांना न जाणवणाऱ्या या विषाचा माग शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रवात घेणे, ही मूत्रपरीक्षेमागील कल्पना होय. तिचा इतिहास पाहता असे दिसते की, विषबाधेचा पुरावा शोधण्याचे साधन म्हणून तिचा आरंभ झाला. परंतु रोग्याच्या निदानापेक्षा कामाच्या जागेची पारख करण्यासाठीच ती अधिक उपयोगी ठरली. हा फरक लक्षात न घेतल्याने तिच्या निष्कर्षांचा अनेकदा चुकीचा अर्थ लावला गेला आहे.

रोगाची ओळख : स्पेनमधील अल्मादेन व स्लोव्हेनियातील इद्रिया येथील हिंगुळाच्या खाणी शतकानुशतके जगाला पारा पुरवीत होत्या. खाणकामगारांच्या रोगांवर पॅरासेल्सस (१४९३–१५४१) यांनी लिहिलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १५६७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याचा एक भाग पाऱ्यामुळे होणाऱ्या विकारांना वाहिलेला आहे. इद्रियाच्या खाणींविषयी वॉल्टर पोप या इंग्रज गृहस्थांनी व्हेनिसहून पाठविलेले पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १६६५ मध्ये छापले गेले. खाणीत जेमतेम सहा महिने काम केलेल्या एका माणसाने पितळेचा तुकडा तोंडात धरला किंवा बोटांत चोळला, तर तो चांदीसारखा पांढरा होई, असे त्यात नमूद केले आहे. शरीराबरोबर वावरणारा पारा धातूच्या साहाय्याने उघड करण्याचे हे एक जुने वर्णन आहे. अर्थात हा पारा त्वचेला चिकटलेला होता की शरीरातून आला होता, हे त्यावरून सांगता येत नाही. बाहेरून लागलेल्या पाऱ्याची ही अडचण पुढे मूत्राचे नमुने घेतानाही कायम राहिली. त्याच वर्षी या खाणीतील कामाचे तास दिवसाला सहा करण्यात आले. व्यावसायिक आरोग्याच्या दृष्टीने केलेल्या सर्वांत जुन्या नियमांपैकी हा एक समजला जातो.

इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी (१६३३–१७१४) यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात सोन्याचा मुलामा देणारे व व्हेनिसचे आरसे बनविणारे कारागीर यांच्या विकारांची नोंद केली. इद्रियाच्या खाणीत वैद्य असलेले जोव्हान्नी आंतॉन्यो स्कोपोली (१७२३–८८) यांनी तेथील पाऱ्यावरील ग्रंथ १७६१ मध्ये लिहिला. तथापि या विकाराचे सर्वांत पद्धतशीर वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ कुस्मौल (१८२२–१९०२) यांनी १८६१ मध्ये केले. काचेच्या पाठीवर कथिल व पारा यांचा पारदमेल चढवून आरसे तयार करणारे फ्यूर्ट, न्यूरेंबर्ग व एर्लांगेन भागांतील कामगार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हिरड्यांची सूज, अतिरिक्त लाळ, हात, पापण्या व ओठ यांचा कंप आणि विशिष्ट मानसिक बदल अशी लक्षणे त्यांनी नोंदविली. असा रोगी चिडखोर पण भित्रा होतो. अपरिचित व्यक्ती पाहत असेल, तर एरवी सहज जमणारे कामही त्याच्या हातून होत नाही. त्या काळी उपदंशावर पाऱ्याचेच औषध देत असल्यामुळे रोगाची लक्षणे कोणती व औषधाची कोणती, हा वैद्यांपुढील बिकट प्रश्न होता. कुस्मौल यांनी कामगारांचा अभ्यास मुख्यतः तो सोडविण्यासाठीच केला होता. पुढे पारदमेलाऐवजी चांदीचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली आणि आरसे करणाऱ्यांमधील हा रोग नाहीसा झाला. कोणत्याही परीक्षेमुळे नव्हे, तर पाराच कामातून हद्दपार झाल्यामुळे हे घडले, ही बाब लक्षणीय आहे.

मूत्रातील पाऱ्याचा शोध : जर्मन रसायनशास्त्रज्ञ हूगो राइन्श (१८०९–८४) यांनी १८४१ मध्ये आर्सेनिक ओळखण्याची एक सोपी पद्धत सुचविली. संशयित द्रवात हायड्रोक्लोरिक अम्ल घालून त्यात तांब्याची स्वच्छ पट्टी तापविली असता आर्सेनिकाचा काळपट थर तिच्यावर बसतो. द्रवात पारा असल्यास पट्टीवर रुपेरी थर येतो. सोमलप्रयोगाचे गुन्हे शोधण्यासाठी निघालेली ही पद्धत यामुळे मूत्रातील पाऱ्यासाठीही वापरता आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारद औषधे घेणाऱ्या उपदंशाच्या रोग्यांच्या मूत्रातून किती काळ पारा बाहेर पडतो, याचा अभ्यास सुरू झाला आणि त्यासाठी अधिकाधिक संवेदनशील पद्धती शोधल्या गेल्या. म्हणजे कारखान्यातील मूत्रपरीक्षेची पूर्वतयारी न्यायवैद्यक व रुग्णालये यांत झाली होती. मात्र या पद्धतींनी पारा आहे किंवा नाही, एवढेच प्रामुख्याने कळे. अल्प प्रमाणाचे मापन अवघड होते.

या बाबतीत मोठी प्रगती आल्फ्रेट श्टोक (१८७६–१९४६) या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी घडवून आणली. बोरॉन व सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवरील संशोधनासाठी त्यांना पारा असलेली निर्वात उपकरणे अनेक वर्षे वापरावी लागली. डोकेदुखी, नाक व घसा यांचे विकार, थकवा आणि स्मृतिभ्रंश यांनी ते दीर्घकाळ ग्रासले होते. प्रयोगशाळेच्या हवेतील पारा हे त्याचे कारण असल्याचे उशिरा ध्यानात आले. पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याविषयीचा त्यांचा लेख १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याने मोठी खळबळ उडाली. त्यानंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म मापनाची पद्धत विकसित केली. नमुन्यातील पारा तांब्यावर जमवून, ऊर्ध्वपातनाने वेगळा करून, एका सूक्ष्म थेंबात गोळा करीत आणि त्या थेंबाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्याचे वजन काढीत. या पद्धतीने मूत्र, रक्त, अन्नपदार्थ व हवा यांतील अत्यल्प पारा मोजता येऊ लागला. पाऱ्याशी कामानिमित्त संबंध न येणाऱ्या लोकांच्या मूत्रातही थोडा पारा असतो, हेही अशा मापनांतून दिसून आले. त्यामुळे ‘पारा सापडला’ एवढ्यावरून विषबाधा ठरविणे अशक्य झाले व ‘किती सापडला’ हा प्रश्न पुढे आला.

हेल्मूट फिशर यांनी १९२५ मध्ये वैश्लेषिक रसायनशास्त्रात आणलेल्या डायथायझोन या विक्रियाकारकाचा पाऱ्याबरोबर नारिंगी रंगाचा जटिल पदार्थ तयार होतो. रंगाच्या तीव्रतेवरून प्रमाण ठरविण्याची ही पद्धत सुमारे तीन दशके कारखान्यांशी संलग्न प्रयोगशाळांत प्रचलित होती. तीत मूत्रातील सेंद्रिय पदार्थ तीव्र अम्लांनी नष्ट करावे लागत आणि काम वेळखाऊ असे. पाऱ्याची वाफ २५३·७ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश शोषून घेते, या गुणधर्मावर आधारलेले हवेतील पाऱ्याचे शोधक उपकरण टी. टी. वुडसन यांनी १९३९ मध्ये वर्णिले होते. पुढे १९६८ मध्ये डब्ल्यू. आर. हॅच व डब्ल्यू. एल. ऑट यांनी नमुन्यातील पारा क्षपणाने धातुरूपात आणून, त्याची वाफ हवेच्या झोताने प्रकाशमार्गात नेऊन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ‘शीत बाष्प’ पद्धत या नावाने ती जगभर पसरली. लास्लो मागोश यांनी १९७१ मध्ये तिचे असे रूप दिले की, नमुन्याचे पूर्वविघटन न करता अकार्बनी पारा व एकूण पारा वेगवेगळे मोजता येऊ लागले. त्यामुळे एका पाळीतील सर्व कामगारांचे नमुने थोड्या काळात तपासणे शक्य झाले.

कारखान्यांतील पाहणी : ब्रिटनमध्ये सर टॉमस लेग (१८६३–१९३२) यांची १८९८ मध्ये कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि १८९९ मध्ये पारदविषबाधा हा अधिसूचनीय रोग ठरला; म्हणजे त्याची सूचना सरकारला देणे वैद्यावर बंधनकारक झाले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९२५ च्या अठराव्या संकेतान्वये शिसे, पारा व सांसर्गिक काळपुळी यांमुळे होणारे व्यावसायिक रोग नुकसानभरपाईस पात्र ठरले. भारताने हा संकेत १९२७ मध्ये मान्य केला. कायद्याने रोगाची दखल घेतल्याबरोबर पुराव्याचा प्रश्न उभा राहिला. हाताचा कंप मद्यपानामुळे आहे, वृद्धत्वामुळे आहे की पाऱ्यामुळे, असा वाद उद्भवला, की मूत्रातील पाऱ्याकडे निर्णायक साक्षीदार म्हणून पाहिले जाई.

अमेरिकेत नमद्याच्या टोप्यांच्या धंद्यात सशासारख्या प्राण्यांच्या केसांवर मर्क्युरिक नायट्रेटाची प्रक्रिया करीत. कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी हे या धंद्याचे केंद्र असून तेथील कामगारांचा कंप गावाच्या नावानेच ओळखला जाई. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने या धंद्याची केलेली पाहणी १९३७ व १९४१ मध्ये अहवालरूपाने प्रसिद्ध झाली. हवेतील पारा, कामगारांची वैद्यकीय तपासणी व मूत्रातील पारा यांचा एकत्र विचार करण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. दर घन मीटर हवेत ०·१ मिग्रॅ. पारा ही कमाल मर्यादा त्यातून पुढे आली व दीर्घकाळ टिकली. डिसेंबर १९४१ पासून टोप्यांच्या नमद्यासाठी पाऱ्याचा वापर थांबविण्यात आला.

धोका नेहमी कारखान्यातच असतो असे नाही, हे ब्रिटनमधील एका तपासणीने दाखवून दिले. जे. एन. अगेट व मोनामी बकेल यांनी १९४९ मध्ये लँकाशरच्या पोलिसांतील पारदविषबाधेचे वृत्त प्रसिद्ध केले. बोटांचे ठसे उठविण्यासाठी हे पोलीस खडू व पारा यांची राखी रंगाची भुकटी वापरीत. या कामाकडे विषारी व्यवसाय म्हणून कोणी पाहिले नव्हते. १९७० मध्ये अमेरिका व कॅनडा येथील क्लोरीन तयार करणाऱ्या २१ कारखान्यांतील कामगारांची पाहणी आर. जी. स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. या उद्योगातील जुन्या पद्धतीत मिठाच्या विद्रावाच्या विद्युत् विच्छेदनासाठी पाऱ्याचा वाहता थर ऋणाग्र म्हणून वापरीत. पाऱ्याशी येणारा संपर्क वाढला की कामगारसमूहाच्या रक्तातील व मूत्रातील पारा त्या प्रमाणात वाढतो, असे या पाहणीत स्पष्ट झाले.

शरीरक्रियावैज्ञानिक आधार : श्वासावाटे आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सु. तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग शरीरात राहतो. याउलट गिळलेला धातुरूप पारा आतड्यांतून फारच थोडा शोषला जातो. रक्तात शिरलेल्या वाफेचे तांबड्या कोशिकांतील कॅटॅलेज या एंझाइमामुळे ऑक्सिडीकरण होते. तत्पूर्वी तिचा काही अंश मेंदूत पोहोचतो व तेथे ऑक्सिडीकरण झाल्यावर अडकून पडतो. ऑक्सिडीकृत पारा मुख्यत्वे वृक्कांत (मूत्रपिंडांत) साठतो आणि तेथून सावकाश मूत्रावाटे बाहेर पडतो. रॉचेस्टर (न्यूयॉर्क राज्य) येथे स्वयंसेवकांवर किरणोत्सर्गी पाऱ्याच्या साहाय्याने झालेल्या व १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संपूर्ण शरीरातील पारा निम्मा होण्यास सरासरी ५८ दिवस, तर वृक्कांतील पारा निम्मा होण्यास ६४ दिवस लागल्याचे आढळले.

या आकड्यांवरून परीक्षेचा अर्थ ठरतो. मूत्रातील पारा हा प्रामुख्याने वृक्कांतील साठ्याचा निदर्शक असून गेल्या काही महिन्यांतील सरासरी संपर्क दर्शवितो. कालच्या एखाद्या अपघाती गळतीचा अंदाज रक्तपरीक्षेने अधिक चांगला येतो. कामगार नवीन असेल, तर मूत्रातील पातळी स्थिर होण्यास अनेक महिने लागतात. मेथिल पाऱ्यासारखी सेंद्रिय संयुगे मुख्यतः विष्ठेवाटे बाहेर पडतात. म्हणून जपानमधील मिनामाता येथे माशांमधून झालेल्या विषबाधेसारख्या घटनांत मूत्राऐवजी केस व रक्त तपासावे लागतात.

नमुना घेण्याची पद्धत : एकाच माणसाच्या मूत्रातील पारा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी व एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी बदलतो. या बदलांचा व उत्सर्जनाच्या गतीचा अभ्यास पोलंडमधील जे. पियोत्रोव्हस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. भरपूर पाणी पिणाऱ्याचे मूत्र पातळ असते, तर भट्टीजवळ घाम गाळणाऱ्याचे दाट. त्यामुळे केवळ दर लिटरचे प्रमाण फसवे ठरू शकते. स्नायूंतून तयार होणारे क्रिॲटिनीन दररोज बव्हंशी सारख्या प्रमाणात बाहेर पडते; म्हणून पाऱ्याचे प्रमाण क्रिॲटिनिनाच्या दर ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये सांगण्याचा प्रघात पडला. दर लिटरला ०·३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त क्रिॲटिनीन असलेले नमुने बाद करून पुन्हा घेतात. नमुना पाळी सुरू होण्यापूर्वी, हात धुऊन, कामाचे कपडे न घालता व कार्यशाळेपासून दूर घ्यावा लागतो. अन्यथा हातावरील किंवा कपड्यांवरील पारा बाटलीत पडून आकडा फुगतो. याउलट पारा बाटलीच्या पृष्ठाला चिकटल्यास अथवा जंतूंच्या क्रियेने त्याची वाफ होऊन उडून गेल्यास आकडा खोटेपणाने कमी येतो. हे टाळण्यासाठी अम्लाने धुतलेल्या बाटल्या व परिरक्षक पदार्थ वापरतात.

मर्यादामूल्ये : पाऱ्याशी कामानिमित्त संबंध नसलेल्या बहुतेकांच्या मूत्रात दर लिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी पारा आढळतो, दातांत पारदमेल भरलेला असल्यास तो काहीसा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ गटाने १९८० मध्ये हवेसाठी दर घन मीटरला ०·०२५ मिग्रॅ. व मूत्रासाठी क्रिॲटिनिनाच्या दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम अशा मर्यादा सुचविल्या. संघटनेच्या १९९१ च्या अहवालानुसार मूत्रातील प्रमाण १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास कंप, मानसिक विकृती व मूत्रातून प्रथिने जाणे यांचा संभव बराच असतो, तर ३० ते १०० या टप्प्यात सौम्य स्वरूपाचे परिणाम वाढलेले दिसतात. अमेरिकेतील शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ञांच्या परिषदेने आपले निर्देशमूल्य ३५ वरून २०१३ मध्ये २० मायक्रोग्रॅमवर आणले. मर्यादा सतत खाली येत गेली याचे कारण पारा अधिक विषारी झाला असे नव्हे, तर हस्तकंपाच्या मापनासारख्या व वृक्ककार्याच्या सूक्ष्म चाचण्यांमुळे पूर्वी न दिसणारी हानी दिसू लागली. एका पिढीला सुरक्षित म्हणून सांगितलेला आकडा पुढील पिढीने धोकादायक ठरविल्याची ही नोंद आहे.

परीक्षेच्या मर्यादा : न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाचे लेनर्ड गोल्डवॉटर व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात केलेल्या दीर्घ संशोधनात असे दिसले की, समूहाच्या सरासरीचा हवेतील पाऱ्याशी मेळ बसला, तरी एकेका व्यक्तीच्या मूत्रातील पारा व तिची लक्षणे यांत सरळ संबंध आढळत नाही. मूत्रात भरपूर पारा असूनही काही कामगार निरोगी दिसतात, तर तुलनेने कमी पारा असलेल्यांना त्रास होतो. ब्रिटनमध्ये जॉर्ज कॅझँटझिस व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये वर्णिलेल्या कामगारांत पाऱ्यामुळे वृक्कविकार होऊन मूत्रातून मोठ्या प्रमाणात प्रथिने जात होती. पण त्याच जागी काम करणाऱ्या सर्वांना तो विकार झाला नाही. व्यक्तिगत संवेदनशीलतेतील हा फरक परीक्षा सांगू शकत नाही.

काळाची मर्यादा त्याहून महत्त्वाची आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथील ‘वाय-१२’ या संयंत्रात १९५० नंतरच्या दशकात हायड्रोजन बाँबसाठी लिथियमाचे समस्थानिक वेगळे करण्याकरिता सुमारे ११,००० टन पारा वापरण्यात आला. तेथील कामगारांच्या मूत्रपरीक्षा नियमितपणे होत व त्यांची नोंद जपून ठेवली गेली. जे. डब्ल्यू. अल्बर्स व सहकाऱ्यांनी २० ते ३५ वर्षांनंतर या कामगारांना पुन्हा तपासले व १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या मूत्रात पूर्वी कधी दर लिटरला ०·६ मिग्रॅ.पेक्षा अधिक पारा आढळला होता, त्यांच्यात स्नायूंचे बळ, हालचालींतील सुसूत्रता व संवेदना कमी झालेल्या आणि कंप वाढलेला दिसला. त्यांच्या शरीरातून तो पारा कधीच बाहेर पडून गेला होता. तंत्रिका तंत्राची (मज्जासंस्थेची) हानी मात्र मागे राहिली होती. काम सोडल्यानंतर वर्षभराने घेतलेल्या नमुन्यात पारा नसणे हा निर्दोषपणाचा पुरावा ठरत नाही, हा या अभ्यासाचा अर्थ आहे. त्या वेळच्या नोंदी जपल्या नसत्या, तर आजार व त्याचे कारण यांचा दुवा जुळलाच नसता.

शरीरातील धातू बांधून बाहेर काढणारे औषध देऊन मग मूत्र तपासण्याचा प्रकारही प्रचारात आला. अशा औषधाने निरोगी माणसाच्या मूत्रातीलही पारा तात्पुरता वाढतो आणि त्याची नेहमीच्या मर्यादांशी तुलना करता येत नाही. म्हणून विषवैद्यकतज्ञांनी ही रीत निदानासाठी अग्राह्य ठरविली आहे.

भारतातील स्थिती : १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत पारदविषबाधेचा अधिसूचनीय रोग म्हणून समावेश झाला आणि १९८७ च्या दुरुस्तीने पाऱ्याच्या वाफेसाठी दर घन मीटरला ०·०५ मिग्रॅ. ही मर्यादा घालण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था या व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रातील प्रमुख केंद्रीय संस्था होत.

मूत्रपरीक्षेचे सामर्थ्य व उणीव या दोहोंचा प्रत्यय तमिळनाडूतील कोडईकनाल येथील तापमापकांच्या कारखान्याच्या प्रकरणात येतो. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रसामग्रीवर १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेला हा कारखाना, पारा लागलेली फुटकी काच भंगारात विकली गेल्याचे उघडकीस आल्यानंतर मार्च २००१ मध्ये बंद झाला. माजी कामगारांनी आपल्या व्याधी पाऱ्यामुळे झाल्याचा दावा केला. व्यवस्थापनाने तो नाकारला. दीर्घ न्यायालयीन वादानंतर २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांबाबत तडजोड झाली. पाऱ्याचा अर्धायुकाल सुमारे दोन महिन्यांचा असल्याने अशा वादात कारखाना बंद झाल्यानंतर घेतलेले मूत्राचे नमुने फारसे काही सांगू शकत नाहीत. काम चालू असताना झालेल्या परीक्षांच्या नोंदी कोणाजवळ आहेत व कामगाराला त्या मिळतात की नाही, यालाच अशा वेळी महत्त्व येते.

अलीकडील प्रवृत्ती : पाऱ्याविषयीचा मिनामाता संकेत २०१३ मध्ये स्वीकारला गेला व १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. पाऱ्याच्या नव्या खाणी, पारदघटांचे क्लोरीन कारखाने व पारायुक्त तापमापक यांवर त्याने बंधने आणली. यामुळे संघटित उद्योगांतील धोका घटत असला, तरी आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आग्नेय आशिया येथील लहान प्रमाणावर सोने काढणाऱ्यांत तो मोठा आहे. सोन्याचे कण पाऱ्यात मिसळून तयार झालेला पारदमेल उघड्यावर वा घरातच जाळतात व त्याची वाफ कुटुंबातील स्त्रिया व मुलेही श्वासावाटे घेतात. फिलिपीन्समधील दिवाता पर्वतावरील सोन्याच्या वसाहतीत १९९९ मध्ये झालेल्या पाहणीत मूत्राबरोबर रक्त व केस तपासून आणि वैद्यकीय लक्षणांची जोड देऊन विषबाधेचा निर्णय करण्यात आला. एकाच आकड्यावर विसंबू नये, हा पूर्वीचा धडा येथे पद्धतशीरपणे अंमलात आणलेला दिसतो.

परीक्षेच्या वापरासंबंधीचा एक प्रश्न अद्याप मिटलेला नाही. मूत्रातील पारा वाढलेल्या कामगाराला दुसऱ्या कामावर पाठवून त्याच्या जागी नवा कामगार आणल्यास आकडे सुधारतात, पण हवा तशीच राहते. विषबाधा एका शरीरातून दुसऱ्या शरीरात वाटली जाते एवढेच. बदलीत वेतन घटणार असेल, तर कामगार नमुना देण्याचे टाळतो किंवा त्यात पाणी मिसळतो. धोका काढून टाकण्याची पहिली जबाबदारी कारखानदाराची असून ती कामगाराच्या सावधगिरीवर ढकलता येत नाही, असे मत लेग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. यामुळे बंदिस्त यंत्रणा, हवेचे योग्य अभिसरण, सांडलेला पारा तत्काळ गोळा करणे व शक्य तेथे पाऱ्याचा वापर थांबविणे हेच प्रतिबंधाचे मुख्य उपाय मानले जातात. हे उपाय पुरे पडत आहेत की नाहीत, हे पाहणे मूत्रपरीक्षेचे काम होय. परीक्षेचा निष्कर्ष कामगाराला कळविणे, वाढलेल्या आकड्याबरोबर हवेचीही तपासणी करणे आणि नोंदी अनेक वर्षे जतन करणे या तीन गोष्टी पाळल्या, तरच ही परीक्षा कामगाराच्या संरक्षणाचे साधन ठरते.